वापरलेले उच्चश्रेणी ध्वनिक्षेपक

वापरलेले उच्चश्रेणी ध्वनिक्षेपक म्हणजे घरगुती स्टीरिओ संचासाठी मूळ मालकाकडून, दुकानदाराकडून अथवा जुन्या बाजारातून विकत घेतले जाणारे, पूर्वी वापरात असलेले उत्तम प्रतीचे स्पीकर होत. ध्वनिक्षेपकात भाग थोडे असतात आणि त्याचे मूलभूत तंत्र फार सावकाश बदलत आले आहे. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांपूर्वीची सुस्थितीतील जोडी आजही नव्या, महागड्या जोडीच्या तोडीचा आवाज देऊ शकते आणि किमतीत पुष्कळ स्वस्त पडते.

अशा खरेदीत धोकाही असतो. ध्वनिक्षेपकाचे काही भाग वापर न होताही केवळ वयामुळे व हवामानामुळे निकामी होतात. यांपैकी काही भाग स्थानिक कारागीर अल्प खर्चात बदलू शकतो. काही भाग मात्र कोणत्याही किमतीला मिळत नाहीत. म्हणून वापरलेल्या जोडीचे मूल्य तिच्या नाममुद्रेपेक्षा तिच्यातील दोष दुरुस्त होण्याजोगे आहेत की नाहीत यावर अधिक अवलंबून असते. दमट पावसाळा असलेल्या पश्चिम महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर जिल्ह्यातील पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या नदीखोऱ्यातील गावांत, या बाबीला अधिक महत्त्व येते.

## संज्ञा

विद्युत स्पंदनांचे ध्वनीत रूपांतर करणाऱ्या साधनाला ध्वनिक्षेपक म्हणतात. रूढ भाषेत त्यास स्पीकर अथवा लाउडस्पीकर असे संबोधले जाते. ध्वनिक्षेपकाला पुरेशी विद्युत शक्ती पुरवणाऱ्या यंत्रास विवर्धक, म्हणजेच ॲम्प्लिफायर, म्हणतात. मूळ ध्वनीशी जास्तीत जास्त प्रामाणिक पुनरुत्पादन करणाऱ्या संचासाठी ‘हाय-फाय’ हा शब्द रूढ आहे. जर्मनीत १९६६ साली ‘डीआयएन ४५५००’ या मानकाने अशा घरगुती संचांच्या किमान गुणवत्तेच्या मर्यादा ठरवून दिल्या होत्या. ‘उच्चश्रेणी’ या शब्दाला मात्र कोणतेही अधिकृत मानक नाही. विक्रेते तो सैलपणे वापरतात.

सार्वजनिक समारंभांत वापरले जाणारे मोठे संच आणि घरगुती ध्वनिक्षेपक यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात मोठ्या जमावापर्यंत आवाज पोहोचवणे हा हेतू असतो. दुसऱ्यात लहान खोलीत सर्व स्वर समतोल ऐकू येणे अपेक्षित असते. समारंभांसाठी भाड्याने फिरलेले संच घरगुती म्हणून विकले गेल्यास ते बहुधा अतिवापराने झिजलेले असतात.

## पार्श्वभूमी

### तंत्राचा विकास

आजच्या बहुतेक ध्वनिक्षेपकांचे मूळ चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या फिरत्या कॉइलच्या रचनेत आहे. चुंबकाच्या फटीत तारेचे एक वेटोळे पुढेमागे हलते आणि त्याला जोडलेला शंकू हवेत लहरी निर्माण करतो, हे तत्त्व आजही कायम आहे. १९५४ मध्ये एडगर व्हिलचर यांच्या अकूस्टिक रिसर्च या कंपनीने हवाबंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून सखोल खर्ज मिळवला. पुढे १९६० व १९७० च्या दशकांत ए. एन. थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी पेटीचे आकारमान व वूफरचे गुणधर्म यांचा मेळ गणिताने घालण्याची पद्धत रूढ केली. त्यानंतरच्या काळातील चांगल्या कंपन्यांचे ध्वनिक्षेपक जुने झाले तरी रचनेच्या दृष्टीने कालबाह्य न ठरण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

### भारतातील उपलब्धता

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी परदेशी ध्वनिसामग्रीच्या आयातीवर कडक निर्बंध व जबर कर होते. आखाती देशांतून, युरोपातून अथवा जहाजावरील नोकरीतून परतणाऱ्यांनी आणलेले संच हा त्या काळातील परदेशी सामग्रीचा एक प्रमुख स्रोत होता. देशी उत्पादकांमध्ये कोलकात्यात १९७० साली स्थापन झालेली सोनोडाइन ही कंपनी नावाजली गेली. पुण्यातील कॅडन्स या कंपनीने स्थिरविद्युत पटल व नेहमीचा वूफर यांची सांगड घालणारे ध्वनिक्षेपक तयार केले. आज जुन्या बाजारात येणारा माल बऱ्याच अंशी या दोन प्रवाहांतील आहे. मूळ शौकीन मालकाच्या निधनानंतर अथवा लहान सदनिकेत स्थलांतर करताना वारसांकडून असे संच विकले जातात. वारसांना त्यांचे मूल्य ठाऊक असतेच असे नाही. त्यामुळे किंमत कधी फार कमी, तर कधी केवळ नावामुळे अवाजवी सांगितली जाते.

### कोल्हापूर परिसर

कोल्हापूर संस्थानाच्या आश्रयाने अल्लादियाखाँ यांच्यासारखे गवई येथे राहिले आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी येथून पसरली. ‘प्रभात’ कंपनीचा १९३२ मधील ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपटही कोल्हापुरातच तयार झाला. कोडोलीला लागून असलेल्या वारणानगरचा वारणा बालवाद्यवृंद हे या परिसरातील संगीतप्रेमाचे परिचित उदाहरण आहे. गायन ऐकण्याची अशी परंपरा असलेल्या भागात घरी चांगला संच असावा ही इच्छा स्वाभाविक आहे. तथापि उच्चश्रेणी ध्वनिक्षेपकांची मोठी बाजारपेठ मुंबई व पुणे येथे असल्याने ग्रामीण ग्राहकाला बहुधा न ऐकताच, छायाचित्रांवर विसंबून निर्णय घ्यावा लागतो. खरेदीतील बहुतेक अडचणी येथूनच सुरू होतात.

## वयोमानानुसार होणारी झीज

### शंकूची कड

वूफरचा शंकू चौकटीला एका लवचीक कडेने जोडलेला असतो. ही कड फोम, रबर अथवा लेप दिलेल्या कापडाची असते. १९७० ते १९९० या काळातील अनेक नामांकित ध्वनिक्षेपकांत पॉलियुरेथेन फोम वापरला गेला. हवेतील बाष्पाशी रासायनिक क्रिया होऊन हा फोम साधारणतः दहा ते वीस वर्षांत चिकट, मग ठिसूळ होतो आणि बोट लावताच भुगा होऊन पडतो. दमट हवेत ही क्रिया वेगाने होते. संच न वाजवता झाकून ठेवल्याने ती थांबत नाही. रबरी व कापडी कडा पुष्कळ अधिक टिकतात. झिजलेली फोमची कड बदलता येते. हे काम जाणणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. मात्र मूळ मापाची व तेवढ्याच लवचीकतेची कड न बसवल्यास खर्ज बदलतो.

### कॉइल व मागील जाळी

अतिरिक्त शक्तीमुळे कॉइल तापून तिचे वेष्टण जळते किंवा ती फटीत घासू लागते. शंकूला मागून आधार देणारी जाळी, कारागिरांच्या भाषेत स्पायडर, जड वूफरच्या वजनाने वर्षानुवर्षांत खाली झुकते. उंचावरून पडलेल्या ध्वनिक्षेपकात चुंबकच सरकलेला असू शकतो. कॉइल नव्याने गुंडाळता येते. परंतु सरकलेला चुंबक मूळ जागी आणणे कठीण असते.

### ट्वीटर

तार स्वरांसाठी असलेला ट्वीटर नाजूक असतो. कमी शक्तीचा विवर्धक क्षमतेबाहेर वाजवल्यास त्याची लहर कापली जाते. तिच्यातून निर्माण होणारी वरच्या वारंवारतांची अतिरिक्त शक्ती ट्वीटर जाळते. अनेक ट्वीटरमध्ये कॉइल थंड राहावी म्हणून चुंबकीय द्रव भरलेला असतो. तो कालांतराने घट्ट होतो आणि आवाज मंदावतो. उत्पादकाने जो ट्वीटर बनवणे बंद केले आहे त्याला तंतोतंत पर्याय मिळणे दुर्मीळ असते. म्हणून वापरलेल्या जोडीत ट्वीटरची अवस्था ही सर्वांत निर्णायक बाब मानली जाते.

### क्रॉसओव्हर

खर्ज, मध्य व तार स्वर वेगळे करून योग्य त्या घटकाकडे पाठवणाऱ्या परिपथास क्रॉसओव्हर म्हणतात. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वीस-तीस वर्षांत आपली मूळ क्षमता गमावू लागतात व आवाजाचा समतोल बिघडतो. हे घटक स्वस्त असून मूळ मूल्याचे नवे घटक सहज बसवता येतात. दोन्ही पेट्यांत ते एकाच वेळी बदलणे आवश्यक असते.

### पेटी

पेटी बहुधा एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डची असून वर लाकडाचे पातळ आवरण असते. पाणी लागलेला असा फळा फुगतो व पूर्ववत होत नाही. वाळवी, बुरशी आणि सुटलेले सांधे हे अन्य दोष होत. पेटीच्या वायुमार्गातून आत शिरलेले उंदीर कापूस व तारा कुरतडतात. कुंभारमाश्यांनी त्या मार्गात मातीची घरे केल्याचेही आढळते.

## तपासणी

### पाहणी

प्रथम पुढील जाळी काढून सर्व घटक उजेडात पाहिले जातात. शंकूवरील डाग, डिंकाचे ओघळ, वेगळ्या रंगाचे स्क्रू व दोन पेट्यांतील घटकांमधील भेद ही पूर्वीच्या दुरुस्तीची चिन्हे होत. दुरुस्ती झालेली असणे हा दोष नव्हे. ती लपवली जाणे संशयास्पद होय. दोन्ही पेट्यांवरील अनुक्रमांक सलग अथवा जोडीचे असावेत. तळाच्या कडेला पाण्याची आडवी रेघ, फुगवटा अथवा गंजलेले स्क्रू आढळल्यास ती पेटी पाण्यात राहिली असण्याची शक्यता असते. ऑगस्ट २०१९ व जुलै २०२१ मध्ये पंचगंगा, वारणा व कृष्णा या नद्यांना आलेल्या महापुरांत कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील असंख्य घरे पाण्याखाली गेली. या भागात जुनी जोडी घेताना ही खूण आवर्जून पाहण्याजोगी आहे.

### स्पर्श व मोजणी

वूफरच्या शंकूवर दोन्ही बाजूंनी बोटे ठेवून तो हलकेच, सारख्या दाबाने आत ढकलला असता खरखर जाणवू नये. जाणवल्यास कॉइल घासत आहे असे समजतात. ट्वीटरच्या घुमटाला हात लावू नये.

साध्या मल्टिमीटरने पेटीच्या जोडटोकांवर रोध मोजता येतो. आठ ओहमच्या ध्वनिक्षेपकाचा रोध सामान्यतः साडेपाच ते सात ओहम, तर चार ओहमच्याचा तीन ते चार ओहम दिसतो. दोन्ही पेट्यांची वाचने जवळपास सारखी असावीत. ही मोजणी मुख्यतः वूफरची असते, कारण ट्वीटरच्या मार्गात कपॅसिटर असतो. म्हणून जोडटोकांचे दोन संच असलेल्या पेटीत वरच्या जोडीवर रोध अनंत दिसणे हा दोष नव्हे. ट्वीटर चालू आहे की नाही हे ऐकूनच ठरवावे लागते.

दीड व्होल्टचा सेल लाल टोकाला धन बाजूने क्षणभर लावल्यास वूफर पुढे सरकतो. एक पेटी पुढे व दुसरी मागे सरकली तर त्यांपैकी एकीची आतील जोडणी उलटी झालेली असते. जेबीएलच्या काही जुन्या ध्वनिक्षेपकांत दोन्ही शंकू मागे सरकणे हेच मूळ रचनेला धरून असते.

### श्रवण

ऐकून केलेली तपासणी सर्वांत महत्त्वाची असते. ती करताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

* विवर्धकावरील स्वरसमायोजनाची सर्व बटणे मध्यावर ठेवावीत. खर्ज वाढवून ऐकवलेला संच प्रथमदर्शनी प्रभावी वाटतो.
* आवाज मध्यम ठेवावा. मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो. दोन जोड्यांची तुलना करताना दोहोंची पातळी समान असणे आवश्यक आहे.
* एका वेळी एकच पेटी वाजवून तिच्या प्रत्येक घटकाजवळ कान नेऊन तो चालू असल्याची खात्री करावी.
* २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत सरकत जाणारा चाचणीस्वर अल्प आवाजात वाजवावा. मध्येच येणारी घरघर सैल सांधा किंवा घासणारी कॉइल दर्शवते. उतारवयात सर्वांत वरच्या वारंवारता ऐकू येत नाहीत. त्यासाठी सोबत तरुण व्यक्ती असणे हितावह असते.
* दोन्ही पेट्या शेजारी ठेवून एकपदरी, म्हणजे मोनो, ध्वनिमुद्रण वाजवल्यास गायकाचा आवाज बरोबर मधोमध भासावा. तो पसरट किंवा एका बाजूला वाटल्यास दोन पेट्यांत फरक आहे.

भारतीय संगीतातील काही नाद या परीक्षेसाठी विशेष उपयुक्त आहेत. तानपुऱ्याच्या जवारीतून उमटणारे उपस्वर मध्य व तार सप्तकांतील स्वच्छतेची कसोटी घेतात. ट्वीटर मंदावलेला असल्यास तानपुरा गुदमरल्यासारखा वाटतो. तबल्याच्या डग्ग्यावरील मींड वूफरची पकड दाखवते, तर चाट स्पष्ट व क्षणिक ऐकू यावी. ओळखीच्या गायकाचा आवाज खोक्यातून आल्यासारखा वाटला तर पेटी कंप पावत असण्याचा संभव असतो.

त्यासाठी वापरलेले ध्वनिमुद्रण मात्र पुरेशा व्याप्तीचे असावे लागते. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील मुद्रणे संगीतदृष्ट्या अनमोल असली तरी त्यांत वरच्या वारंवारता जवळजवळ नसतात. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात पाठवली गेली. तथापि त्या काळच्या तबकड्यांवरून ट्वीटरची परीक्षा होऊ शकत नाही.

## विवर्धक व खोली यांच्याशी मेळ

ध्वनिक्षेपकाची संवेदनक्षमता डेसिबलमध्ये सांगतात. एक वॉट शक्तीला एक मीटर अंतरावर किती मोठा आवाज मिळतो हे त्यावरून कळते. प्रत्येक तीन डेसिबलची वाढ मिळवण्यासाठी विवर्धकाची शक्ती दुप्पट लागते. उदाहरणार्थ, ९० डेसिबल संवेदनक्षमतेच्या जोडीला ज्या पातळीसाठी १० वॉट पुरतात, त्याच पातळीसाठी ८४ डेसिबलच्या जोडीला ४० वॉट लागतात. स्वस्तात मिळालेली जोडी घरच्या विवर्धकाला न पेलल्यास नवा विवर्धक घ्यावा लागतो आणि बचत संपुष्टात येते.

संरोध, म्हणजेच इम्पिडन्स, हाही तितकाच महत्त्वाचा आहे. चार ओहम किंवा त्याहून खाली जाणाऱ्या ध्वनिक्षेपकाला साधा विवर्धक जोडल्यास तो तापतो व बंद पडतो.

खोलीचा परिणाम बहुधा दुर्लक्षिला जातो. विटांच्या भिंती, सिमेंटचा स्लॅब व शहाबादी किंवा चिनीमातीच्या फरश्या असलेल्या खोलीत ध्वनी परावर्तित होऊन घुमतो. अशा ठिकाणी चांगली जोडीही कर्कश वाटते. जुन्या कौलारू, मातीच्या भिंतींच्या घरांत हा दोष कमी असतो. सतरंज्या, जाड पडदे, पुस्तकांची कपाटे अथवा भिंतीवर टांगलेली घोंगडी यांमुळे मध्य व तार स्वरांचे परावर्तन कमी होते. पेट्या भिंतीपासून थोड्या पुढे घेतल्यास खर्जाचा घुमारा ओसरतो. दहा फूट बाय बारा फूट आकाराच्या खोलीत मोठ्या वूफरच्या उंच पेट्यांपेक्षा लहान, मांडणीवर ठेवण्याजोगी जोडी सहसा अधिक समतोल वाजते.

## काही परिचित जुनी प्रतिमाने

* क्वाड स्थिरविद्युत ध्वनिक्षेपक (१९५७) – शंकूऐवजी पातळ पटल वापरणारी ही रचना मानवी आवाजाच्या स्पष्टतेसाठी ख्यातनाम आहे. तिला स्वतंत्र वीजजोडणी लागते व आत उच्च दाब असतो. धूळ व दमटपणा यांमुळे पटलात ठिणग्या पडून ते निकामी होऊ शकते. त्यामुळे पावसाळी प्रदेशात ती जोखमीची ठरते.
* बीबीसी एलएस३/५ए – ब्रिटिश प्रसारण संस्थेने १९७० च्या दशकाच्या आरंभी प्रक्षेपण वाहनांसारख्या अरुंद जागांसाठी आखलेला लहान ध्वनिक्षेपक. रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ आदी कंपन्यांनी परवान्याने तो बनवला. आरंभीची आवृत्ती पंधरा ओहमची, तर १९८७ पासूनची अकरा ओहमची आहे. दोहोंतील एकेक घेऊन जोडी करू नये. याची संवेदनक्षमता कमी आहे व मूळ केईएफ घटक आता बनत नाहीत.
* यामाहा एनएस-१०००एम (१९७४) – मध्य व तार स्वरांसाठी बेरिलियम धातूचे घुमट असलेले प्रतिमान. घुमट दुमडला किंवा फुटला तर मूळ भाग मिळणे अवघड असते. शिवाय बेरिलियमची धूळ श्वासातून जाणे घातक असल्याने तुटलेल्या घुमटाला हात लावू नये.
* टॅनॉय ड्युअल कॉन्सेंट्रिक (१९४७ पासून) – वूफर व ट्वीटर एकाच अक्षावर बसवलेली रचना. मूळ घटकांना जगभर मागणी असल्याने पेटी एका काळाची व घटक दुसऱ्या काळाचे अशी भेसळ संभवते.

## बाजारपेठ

मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता, अधिकृत नावाने डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा इलेक्ट्रॉनिक सामग्री व सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. भेंडी बाजाराजवळील चोर बाजारात जुन्या ध्वनिवस्तू मिळतात. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली हे विद्युत व इलेक्ट्रॉनिक मालाचे केंद्र असून मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो. याखेरीज शौकिनांच्या परस्पर ओळखीतून व जाहिरातींच्या संकेतस्थळांवरून मोठी उलाढाल होते. बंद पडलेल्या एकपडदा चित्रपटगृहांतील मोठे कर्णे व पेट्याही अधूनमधून विक्रीस येतात. ते मोठ्या सभागृहांसाठी बनलेले असल्याने घरात त्यांचा उपयोग मर्यादित असतो.

कोडोलीसारख्या गावातील ग्राहकाच्या दृष्टीने प्रत्येक पर्यायाचे गुणदोष निराळे आहेत. दुकानदाराकडे ऐकून पाहता येते व पावती मिळते, परंतु किंमत अधिक असते. मूळ मालकाकडून घेतल्यास जोडीचा पूर्वेतिहास कळतो. दूरच्या विक्रेत्याकडून मागवल्यास किंमत कमी पडली तरी तपासणीची संधी मिळत नाही. जोडीची किंमत मोठी असेल तर पुण्या-मुंबईचा प्रवासखर्च हा खरेदीचाच भाग धरणे इष्ट ठरते. जाणे अशक्य असल्यास त्या शहरातील जाणकार परिचिताकडून तपासणी करून घेतली जाते.

## किंमत ठरवणे

वापरलेल्या ध्वनिक्षेपकांच्या किमतींचे अधिकृत दरपत्रक नाही. सुस्थितीतील त्याच प्रतिमानाची चालू किंमत विचारून त्यातून दुरुस्ती, वाहतूक व आवश्यक पूरक सामग्री यांचा खर्च वजा करण्याची पद्धत व्यवहार्य आहे. समजा, सुस्थितीतील जोडीची चालू किंमत ६०,००० रुपये आहे. फोमच्या कडा बदलण्यास ६,०००, कपॅसिटरसाठी ४,००० आणि वाहतुकीस ५,००० रुपये लागणार असतील, तर कमाल योग्य किंमत ४५,००० रुपये होते. दुरुस्ती यशस्वी न होण्याचा धोका ग्राहक पत्करत असल्याने प्रत्यक्ष बोली त्याहूनही कमी असणे रास्त होय.

न मिळणारा भाग निकामी असेल, उदाहरणार्थ एका पेटीचा ट्वीटर जळलेला असेल, तर ही वजाबाकी लागू होत नाही. अशी जोडी सुट्या भागांच्या किमतीचीच समजली जाते, मग तिचे नाव कितीही मोठे असो.

## कायदेशीर बाजू व फसवणूक

वस्तुविक्रय अधिनियम, १९३० मधील कलम १६ नुसार, काही अपवाद वगळता, मालाच्या गुणवत्तेची हमी विक्रेत्यावर आपोआप येत नाही. ग्राहकाने स्वतः सावध राहावे असे तत्त्व त्यात आहे. खोटी माहिती देऊन संमती मिळवली असेल तर भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १९ नुसार करार रद्द करून मागता येतो. मात्र विक्रेत्याने केवळ मौन पाळले आणि साधारण दक्षतेने सत्य कळू शकले असते, तर ग्राहकाला हा आधार मिळत नाही. म्हणूनच ‘ट्वीटर मूळचे आहेत का’, ‘दुरुस्ती झाली आहे का’, ‘पाणी लागले होते का’ हे प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घेणे महत्त्वाचे ठरते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा आधार व्यवसाय म्हणून विक्री करणाऱ्यांविरुद्ध घेता येतो. एखाद्या व्यक्तीने घरातील जुनी वस्तू विकणे हा सहसा त्याच्या कक्षेत येत नाही.

चोरीचा माल जाणूनबुजून स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. विक्रेत्याचे नाव, अनुक्रमांक व रक्कम असलेली साधी पावती घेतल्यास खरेदी सद्‌भावनेने केल्याचा पुरावा राहतो.

ऑनलाइन व्यवहारांत आगाऊ रक्कम घेऊन माल न पाठवणे, दुसऱ्याच जोडीची छायाचित्रे दाखवणे, सैन्यातील बदलीचे कारण सांगून घाई करणे हे प्रकार आढळतात. विक्री करणाऱ्याचीही फसवणूक होते: ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे सांगून त्याच्याच खात्यातून रक्कम काढली जाते. यूपीआय व्यवहारात पिन केवळ पैसे देताना लागतो, घेताना नव्हे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ कळवल्याने रक्कम रोखली जाण्याची शक्यता वाढते.

घरगुती संचालाही ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० लागू आहेत. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी संचाचा आवाज आवाराच्या हद्दीवर यापेक्षा पाच डेसिबलहून अधिक जाऊ नये असा नियम आहे.

## वाहतूक व देखभाल

पेट्या मूळ खोक्यात असल्यास उत्तम. नसल्यास प्रत्येकीला जाड फोम व पुठ्ठ्याचे दुहेरी वेष्टण देऊन पुढील बाजूवर कडक फळी बांधतात. वजनदार वूफर असलेली पेटी तोंडावर पालथी ठेवू नये. खरेदीआधी काढलेली छायाचित्रे व अनुक्रमांकांची नोंद ठेवल्यास वाटेत नुकसान झाले की पूर्वीचे होते हा वाद टळतो. पुणे-बंगळूर महामार्गाने माल कोल्हापूरपर्यंत सहज येतो. तेथून गावापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात माल बदलताना होणारी आदळआपट टाळण्यासाठी ग्राहकाने स्वतः वाहन नेणे सुरक्षित असते.

वारणेच्या खोऱ्यात जून ते सप्टेंबर या काळात हवा सतत दमट राहते. या दिवसांत पेट्या बाहेरील भिंतीला टेकवू नयेत, जमिनीपासून काही इंच उंचावर ठेवाव्यात आणि प्लॅस्टिकने गच्च झाकू नयेत, कारण आत अडकलेल्या बाष्पाने बुरशी धरते. सुती कापडाचे आच्छादन पुरेसे होते. वायुमार्गावर बारीक जाळी ठेवल्यास कीटक व उंदीर आत जात नाहीत. वाजवताना ती काढावी. आठवड्यातून एकदोनदा संच मध्यम आवाजात वाजवत राहिल्यास घरघर, मंदावलेला ट्वीटर यांसारखे दोष आरंभीच लक्षात येतात आणि स्वस्तात दुरुस्त होतात.

पूरप्रवण गावांत पावसाळ्यात पेट्या वरच्या मजल्यावर हलवणे हा एकमेव खात्रीचा उपाय आहे. भिजलेला शंकू व कपॅसिटर बदलता येतात. फुगलेली पेटी मात्र नव्याने बनवावी लागते आणि मूळ आकारमान व जाडी यांत फरक पडल्यास तो ध्वनिक्षेपक पूर्वीसारखा वाजत नाही.